मोहरीएवढी घरं

आयुष्यात किती डोंगर बनवलेस, असं यल्लाप्पा कांबळेला कोणी विचारलं तर तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "एकोणीस. आणि दोन दऱ्या." ऐकणारा हसायचा, हा हसायचा नाही. सगळे डोंगर पुठ्ठ्याचे होते हे खरं, पण मोजून केलेले होते, आणि मोजून केलेल्या वस्तूची थट्टा त्याला खपत नसे.

त्याचे वडील मूळचे सदलग्याचे. पोटामागे निपाणीला आले आणि तंबाखूच्या वखारीत हमाल झाले. आई सोनुबाई त्याच वखारीत पाला निवडायची. संध्याकाळी ती घरी येऊन पदर झटकायची तेव्हा अर्धी आळी शिंकायची. अशा घरात हा पोरगा जन्मला तो हात घेऊन. पट्टी न लावता कोळशाने भिंतीवर रेघ ओढायचा आणि ती सरळ यायची. शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी ती भिंत बघितली आणि सोनुबाईला सांगितलं, "ह्याला वखारीत घालू नका." सोनुबाईने ते ऐकलं. एस.एस.एल.सी. झाल्यावर तो बेळगावला आय.टी.आय.त ड्राफ्ट्समनचं शिकला आणि त्र्याहत्तर साली तिथल्याच, पाण्याची लहान तळी बांधणाऱ्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून चिकटला. सरकारी नोकरी म्हणजे तेव्हा गंगेत घोडं न्हालं. सोनुबाईने बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला वखारीत गेली.

ट्रेसरचं काम म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून तो गिरवायचा. बाकीचे ते काम कंटाळत करायचे. यल्लाप्पा मात्र गिरवता गिरवता जमीन बघायचा. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा असतात, त्यांना कचेरीत कंटूर म्हणत. दरीत हळूहळू पाणी भरत गेलं तर त्याची कड जिथे जिथे लागेल, तिथून ती रेघ जाते. रेघा दाट आल्या की चढ, विरळ झाल्या की माळ. यल्लाप्पाला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. एके दिवशी त्याने रद्दीतले पुठ्ठे घेतले, एकेका रेघेच्या आकाराने एकेक पुठ्ठा कापला आणि सरसाने एकावर एक चिकटवला. टेबलावर डोंगर उभा राहिला. कन्नड बोलणारे, पान खाणारे, मनाने मोकळे असे एक इंजिनिअर साहेब तेव्हा कचेरीत होते. ते त्या डोंगराभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "यल्लाप्पा, इन्नु मुंदे तुम्ही रेघा मारू नका. हेच करा." इन्नु मुंदे म्हणजे इथून पुढे. तिथून त्याचे डोंगर सुरू झाले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायचं, ती एकोणऐंशी सालची आहे.

निपाणीच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत कुरणवाडी नावाचं गाव होतं. त्याच्या ओढ्यावर तळं बांधायचं ठरलं. मुख्य गाव टेकाडावर होतं, त्याला धक्का नव्हता. धक्का होता तो ओढ्याकाठच्या सदतीस घरांना, म्हणजे बौद्ध वस्तीला. वस्ती पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या खालच्या अंगाला होती, कारण वरच्या अंगाला तिला कोणी राहू दिलं नव्हतं. त्यामुळे पाणी येणार म्हटल्यावर पहिल्यांदा कोणाच्या घरात येणार, हे नकाशा न बघताही सांगता आलं असतं. त्या सदतीस घरांपैकी एक घर तानीबाईचं होतं. तानीबाई म्हणजे सोनुबाईची धाकटी बहीण, यल्लाप्पाची सख्खी मावशी. वखारीचा हंगाम जोरात असला की सोनुबाई पोराला महिना महिना तिच्याकडे ठेवायची. त्या ओढ्यात यल्लाप्पा पोहायला शिकला होता.

सरकारने वस्तीला दोन जागा दाखवल्या. एक ओढ्याच्या पलीकडची सपाटी, तळ्याच्या काठाला लागून. दुसरी तिथून वर, जंगल खात्याच्या कुंपणातला माळ. करवंदीच्या जाळ्यांमुळे आणि गार्डाच्या भीतीने त्या माळावर कोणी कधी गेलेलं नव्हतं. दोन्हींतली कुठली हवी ते वस्तीने ठरवायचं आणि तसा ठराव अंगठ्यांसकट द्यायचा, असं ठरलं. साहेब भला माणूस. म्हणाले, "नकाशा त्यांना कळायचा नाही. यल्लाप्पा, तुम्ही मॉडेल करा. डोळ्याने बघून ठरवू देत."

यल्लाप्पाने जीव ओतला. जमिनीवरचे पन्नास मीटर म्हणजे मॉडेलवर एक सेंटीमीटर, असं आडवं माप धरलं. आता उंचीचं काय? तेच माप उंचीला धरायचं तर जमिनीवरचा एक मीटर म्हणजे ड्रॉइंगच्या एका कागदाची जाडी. अख्खा डोंगर करंगळीच्या नखाएवढाही उंच झाला नसता. साहेब म्हणाले, "छे छे. उठून दिसलं पाहिजे." तेव्हा नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्याने एका मीटरला दोन मिलिमीटरचा एक पुठ्ठा धरला, म्हणजे उंची दहापट ताणली. सगळीकडे असंच करतात, त्यात लबाडी काही नाही. खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरात दोन्ही मापं लिहिली की झालं. त्याने लिहिली.

शेवटी घरं राहिली. सदतीस घरं दाखवायची कशाची? जेवताना त्याची नजर मोहरीवर गेली. बायको सुलाबाई फोडणी देत होती. त्याने डब्यातून चिमूटभर मोहरी घेतली आणि दुसऱ्या दिवशी चिमट्याने एकेक दाणा सरसात बुडवून ओढ्याकाठी बसवला. आडव्या मापाने बरोब्बर घराएवढा. दोन्ही नव्या जागांवरही वस्ती कशी दिसेल ते कळावं म्हणून तसेच दाणे बसवले. हिरवा डोंगर, निळं तळं आणि मोहरीची गावं. कचेरीतला शिपाईसुद्धा चहा द्यायला आला की पाच मिनिटं तिथेच रेंगाळायचा. हे मॉडेल बेंगळूरच्या प्रदर्शनाला पाठवायचं आणि सोबत यल्लाप्पाचं नाव ड्राफ्ट्समनच्या बढतीसाठी धाडायचं, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी मॉडेल जीपमधून कुरणवाडीला नेलं. वस्तीतल्या पिंपळाखाली टेबल मांडलं. सगळी वस्ती गोळा झाली. आधी लोकांनी नुसतं बघून घेतलं. मग आपापली घरं सापडायला लागली तसा गलका झाला. "ही माझी मोहरी," "तुझी न्हाय, तुझी त्या वळणावरची," असं चाललं. यल्लाप्पा टेबलाशी हाताची घडी घालून उभा होता. ज्या ओढ्यात आपण नाकातोंडात पाणी घेतलं, त्याच ओढ्याकाठी साहेबांबरोबर जीपने आलोय, हे त्याच्या मनात घोळत होतं. माणसाला असं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही.

तानीबाई पुढे झाली. वस्तीत तिचा शब्द चाले, कारण ती कमी बोलायची. तिने वाकून वरच्या माळाकडे बघितलं. तिकडची बाजू चांगली चार बोटं उंच चढली होती, एखाद्या गडाच्या तटासारखी.

"ही वरची जागा बगा," ती म्हणाली. "पाणी खाली तळ्यात. घागर घेऊन ह्या कड्यावर चढायचं म्हंजे चार इसावे लागतील. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय करायचं?"

डोक्यावर भरली घागर असताना बाई वाटेत जितक्या वेळा थांबते, तितके तिचे विसावे. त्या भागातल्या बायका चढ विसाव्यांनीच मोजत. चार विसाव्यांची वाट म्हणजे सुनेला माहेरची आठवण करून देणारी वाट.

"पर मावशी, तो डोंगर एवढा न्हाय वाटत खालनं," कोणीतरी म्हणालं. हा भावकू. वस्तीतला तरणा, शंकेखोर माणूस.

"तुज्या डोळ्याला वाटत नसंल. सरकारनं मापून केलंय न्हवं?" तानीबाईने त्याला गप्प केलं. मग तिने बोट खालच्या जागेवर आणलं. तळ्याच्या निळ्या कडेपासून ती सपाटी तीन पुठ्ठे वर होती. तिने नखाने मोहरीचा एक दाणा मापला आणि हिशेब केला. "आन हितं बगा. पाण्यापासनं चार घरं एकावर एक रचली, तवा कुटं आमच्या दाराला पाणी लागंल. चार घरं उंच पाणी कवा येत न्हाय. हीच जागा बरी. तसंबी आमच्या सात पिढ्या खालच्या अंगालाच ऱ्हायल्यात."

यल्लाप्पाने मनातल्या मनात पुठ्ठे मोजले. तीन पुठ्ठे म्हणजे तीन मीटर. चार घरं कुठली, एका घराचं आढंसुद्धा त्याच्यावर निघालं असतं. डोंगर त्याने दहापट ताणला होता आणि घरं तशीच ठेवली होती. तानीबाईने घराने डोंगर मापला. दुसरं काय करणार? कोपऱ्यातली इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, आणि ज्याला येत होती तो तिचा भाचा हाताची घडी घालून उभा होता.

तो बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, तुमच्याच भाच्याने केलंय हे. शाणा माणूस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तानीबाईने त्याच्याकडे बघितलं आणि ती हसली. यल्लाप्पाने तोंड मिटलं. तासाभरात ठरावावर सदतीस अंगठे उठले. खालची जागा.

निपाणीला आईकडे उतरून तो बेळगावला परतला. सोनुबाई खूश होती. "तानीला आता पाण्याला लांब जायाला नगो," ती म्हणाली. ह्याने नुसती मान डोलावली. नियमाप्रमाणे खालच्या जागेला हरकत नव्हती, ती पूररेषेच्या वर होती. तळं काठोकाठ भरलं तरी पाणी तीन मीटर खाली. कायद्याने तो सुटत होता. पण भिंतींना ओल चढणार, आणि एखाद्या साली पावसाने झड धरली की तीन मीटर म्हणजे काही फार नव्हे, हे लहानपणी त्या ओढ्याने त्याला दाखवलं होतं.

पुढचे काही दिवस त्याला जेवण गोड लागेना. फोडणी तडतडली की तो ताटावरून मान वर करायचा. सुलाबाई खानापूरकडची, सरळ बोलणारी. आठव्या दिवशी तिने पळी खाली ठेवली. "अवो, मोहरीनं तुमचं काय घोडं मारलंय?" तिने विचारलं. तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "मोहरी माझ्या डब्यातली," ती म्हणाली. "म्हंजे पाप माझ्याबी माथ्याला हाय. आता निस्तरा, न्हायतर मी उद्यापासनं जिऱ्याची फोडणी देते आन तुमाला रोज आठवण करून देते."

निस्तरायचं म्हणजे खरं मॉडेल करायचं, असं त्याने ठरवलं. आडवं माप आणि उभं माप एक. पुठ्ठ्याच्या जागी ड्रॉइंगचे कागद, मीटरला एक. चार संध्याकाळी बसून त्याने चाळीस कागद कापले आणि चिकटवले. तयार झालं ते सुलाबाईपुढे ठेवलं.

"हे काय?" ती म्हणाली.

"कुरणवाडी."

"ही भाकरी हाय. एका अंगानं जरा फुगलीया." तिने हात फिरवला. "ह्यातनं तानीमावशीला काय दिसणार? तळंबी दिसत न्हाय आन डोंगरबी न्हाय."

तिचं खरं होतं. ताणलेलं मॉडेल फसवत होतं आणि खरं मॉडेल काही सांगतच नव्हतं. यल्लाप्पा ती भाकरी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला. परड्याच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या, तिकडे त्याची नजर होती. मग तो उठला, एक काटा मोडून आणला आणि पट्टी लावून त्याचं टोक आठ मिलिमीटरवर कापलं. एक घर आढ्यापर्यंत चार मीटर उंच. डोंगराच्या मापाने चार मीटर म्हणजे आठ मिलिमीटर. रुंदी मोहरीएवढी आणि उंची एवढी. डोंगर ताणलाय तर घरही ताणलंच पाहिजे. त्याने काटा उभा धरला आणि त्याला सहा वर्षांत पहिल्यांदा आपला धंदा नीट कळला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. काय चुकलं ते सांगितलं. साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"ठराव झाला, यल्लाप्पा. वर गेला पण. इरलि बिड्री."

असू दे, सोडून द्या, असं ते म्हणाले. वाईट मनाने नव्हे. कचेरीत ह्या दोन शब्दांवर बरीच कामं चालायची.

"साहेब, त्यांनी मोहरीने डोंगर मापला," यल्लाप्पा म्हणाला. "मोहरी मी ठेवली. मी तिथं उभा होतो आणि बोललो नाही. एक दिवस द्या. त्यांनी काटे बघूनही खालचीच जागा मागितली तर मी परत नाव काढणार नाही."

"आणि बेंगळूरचं प्रदर्शन? काटे लावून पाठवायचं?"

"नाही पाठवलं तरी चालेल."

बढतीचा कागद अजून त्यांच्याच टेबलावर होता आणि तो दोघांनाही दिसत होता. "जीप मिळणार नाही," ते शेवटी म्हणाले. "यष्टीने न्या."

म्हणून मॉडेल यष्टीने गेलं. यल्लाप्पा आणि सुलाबाई, मध्ये चादरीत गुंडाळलेली कुरणवाडी. कंडक्टरने विचारलं, कपाट आहे का, तर सुलाबाई म्हणाली, डोंगर आहे. त्याने सामानाचं तिकीट फाडलं.

पिंपळाखाली पुन्हा टेबल आलं. चादर काढली तेव्हा लोक मागे सरकले. मोहरी गेली होती. तिन्ही ठिकाणी बाभळीच्या काट्यांची रांग उभी होती.

"ह्यो काय साप मारायचा बंदोबस्त?" भावकू म्हणाला. लोक हसले.

यल्लाप्पा हसला नाही. "हा एकेक काटा म्हणजे तुमचं एकेक घर," तो म्हणाला. आणि मग कचेरीची भाषा सुटली, निपाणीची आली. "मावशे, तुजं घर असं हाय का? काट्यागत?"

"न्हाय," तानीबाई म्हणाली. "माजं घर बसकं हाय."

"मग हे असं का झालंय?"

"तू केलंस म्हणून."

"व्हय. मी उंचीनं दहापट ताणलंय. घर ताणलंय तसा डोंगरबी ताणलाय. मागल्या बारीला डोंगर ताणला आन घर तसंच ठिवलं. ती माजी चूक. आता घरानं माप, बरोबर येतंय."

तानीबाई खाली वाकली. तिने एक काटा उपटला आणि तळ्याच्या निळ्या कडेवर उभा धरला. शेजारची सपाटी काट्याच्या टोकापर्यंत पोचत नव्हती. तिने पुन्हा धरला, पुन्हा बघितलं.

"म्हंजे आढ्यालाबी पुरत न्हाय," ती सावकाश म्हणाली. "मी चार घरं म्हणले हुते."

"व्हय."

मग तिने तोच काटा वरच्या माळाच्या चढाला लावत लावत मोजला. सहा काटे भरले. "सहा घरं उंच. आन वाट किती लांब?"

"पिंपळापासनं हनुमंताच्या देवळापतूर जेवढी, तेवढी."

पिंपळ ते देऊळ सगळ्यांच्या पायाखालची वाट. माणसं मनातल्या मनात चालून आली. पण तानीबाई नुसत्या मनावर भागवणारी नव्हती. "सरकारनं मापलं म्हणून मागच्या बारीला मी भावकूला गप केलं," ती म्हणाली. "आता मीच मापते." तिने घरातून घागर आणली, ओढ्यात भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पलीकडे निघाली. भावकू कोयत्याने करवंदीच्या जाळ्या तोडत पुढे झाला. जंगलचा गार्ड त्या दिवशी कुठे होता कोणाला ठाऊक, पण आडवा आला नाही. सगळी वस्ती मागून. साठीला टेकलेली ती बाई घागर सांभाळत चढली आणि अर्ध्या वाटेवर एका धोंड्यापाशी थांबली. घागर उतरवली नाही, नुसतं मागे वळून बघितलं. खाली वस्ती होती, ओढा होता आणि टेकाडावरचं गाव बरोबरीला आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने गावाकडे मान वर न करता बघितलं.

माळावर पोचल्यावर तिने घागर उतरवली. "एक इसावा," ती म्हणाली. "त्योबी बगण्यापायी."

नवा ठराव तिथेच माळावर लिहिला. लिहायला टेबल नव्हतं म्हणून यल्लाप्पाने कागद भावकूच्या पाठीवर ठेवला.

साहेबांनी तो ठराव आधीच्या ठरावाच्या जागी वर धाडला, पण मॉडेल बेंगळूरला गेलं नाही. बढतीचा कागद साहेबांनी त्या साली धाडला नाही, पुढच्याही नाही. चौऱ्याऐंशी साली दुसरे साहेब आले तेव्हा तो ड्राफ्ट्समन झाला. सुलाबाई म्हणायची, एका काट्याला पाच वर्षं लागली. तोवर त्याने आणखी डोंगर केले, खानापूरकडचे, लोंढ्याच्या बाजूचे. प्रत्येकात कुठेतरी कोपऱ्यात एक बाभळीचा काटा उभा असे आणि त्याच्या शेजारी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं असे, 'हे एक घर.' नवे इंजिनिअर त्याला मागून काटे यल्लाप्पा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

कुरणवाडीचं तळं एक्याऐंशीला भरलं. वस्ती त्याआधीच माळावर गेली होती. त्र्याऐंशीच्या श्रावणात झड लागली ती बारा दिवस. यल्लाप्पाने कचेरीत पाण्याचे आकडे बघितले, रजा टाकली आणि मिळेल त्या गाडीने कुरणवाडी गाठली.

तानीबाई दारातच बसली होती, तांदूळ निवडत. त्याला बघून तिने सूप बाजूला केलं आणि नुसतं बोट दाखवलं. खाली ती सपाटी दिसत नव्हती. तळ्याच्या सांडव्यात ओंडके अडकून पाणी तुंबलं होतं आणि जिथे सदतीस घरं उभी राहायची होती तिथे ते तांबडं पसरलं होतं. भावकूने हट्टाने तिथे गोठा बांधला होता, त्याचं छप्पर तेवढं वर निघालं होतं. जनावरं त्याने आदल्या दिवशीच वर आणली होती. एक जीव गेला नव्हता.

यल्लाप्पा तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकला. मग तानीबाई म्हणाली, "यल्ला, एक इचारू?"

"इचार की."

"त्या पयल्या दिशी पिंपळाखाली मी चार घरं म्हणले. तवा तुजं तोंड उघडलं आन मिटलं. मी बघितलं हुतं. तुला तवाच कळलं हुतं न्हवं?"

चार वर्षं यल्लाप्पाला वाटत होतं, ते फक्त आपल्याला, सुलाबाईला आणि साहेबांना ठाऊक आहे. काही कारण सांगता आलं असतं. साहेब होते, नोकरी होती. त्याने पाण्याकडे बघितलं आणि कारण सांगितलं नाही.

"व्हय, मावशे. कळलं हुतं. लोक टाळ्या वाजवत हुते."

तानीबाईने मान हलवली. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मला तवाच ठावं हुतं, तू परत येणार," ती म्हणाली. "म्हणून मी पंधरा दिस त्या खालच्या जागंवर घराचा पाया खणू दिला न्हाय कुणाला."